सुईणीच्या पिशवीतली पाटी

चि. यमू आणि चि. दत्तू,

यमूने पत्रात लिहिले आहे की अंकगणिताच्या तासाला तिने पाटीवर मांजर काढले आणि मास्तरांनी तिला बाकावर उभे केले. खाली दत्तूने आपली पुस्ती जोडली आहे की ते मांजर मुळी मांजरासारखे नव्हतेच. रंगूनचे पत्र ठाण्याला पोचेपर्यंत ते मांजर पुसूनही गेले असेल. मास्तरांचे चुकले असे मी म्हणणार नाही. वजाबाकीच्या वेळी वजाबाकी करावी. तुमची आजी शिस्तीची आहे, हे तुमचे बाबा तुम्हाला सांगतीलच, थोडी मीठमिरची लावून. पण मांजराच्या बाजूनेही कोणी तरी बोलायला हवे. ते मला बोलता येईल, कारण माझ्या कामाच्या पिशवीत कात्री आणि दोऱ्याच्या शेजारी कायम एक पाटी असे. दिवाळीच्या डब्यात चकल्या भरून थोडी जागा उरली आहे. तिथे ही पाने घालते.

मी सुईण होते. माझ्या इंग्रजी दाखल्यावर या कामाला मोठा भारदस्त शब्द आहे, पण मूल ज्या घरात येते तिथे तो शब्द कोणाच्या कामाचा नसतो. माझे वडील ठाण्याच्या कोर्टात भाषांतरकार होते. त्यांनी मला इंग्रजी शिकवले ते केवळ हौसेने. पुढे मी विधवा झाले, पदरात तुमचे बाबा होते, तेव्हा त्या हौसेचा उपयोग झाला. भावाने मला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात शिकायला ठेवले, आणि परत आल्यावर ठाण्याच्या दवाखान्यातून मला बोलावणी येऊ लागली. कधी खाडीकाठच्या खेड्यातून, कधी कल्याणहून.

बाहेरच्या लोकांना वाटते, सुईणीचे काम म्हणजे धावपळ, गरम पाणी, आरडाओरडा. ते असते, पण थोडाच वेळ. बाकी सगळे काम वाट पाहण्याचे आहे. मूल आपल्या वेळेने येते. खाडीच्या भरतीला जशी कोणी घाई करू शकत नाही, तशी त्यालाही करता येत नाही. इस्पितळातल्या आमच्या गोऱ्या डॉक्टरीणबाई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: हात धुवा, आणि मग ते मांडीवर ठेवा. जिचे हात स्वस्थ बसत नाहीत ती सुईण ओढाताण करते, आणि ओढाताणीत कधी आई जाते, कधी मूल.

सांगणे सोपे आहे. घरातली दहा माणसे तुमच्याकडे टक लावून बघत असतात, आत बाई कण्हत असते, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत एकच गोष्ट असते, ‘काही तरी करा की!’ अशा वेळी मांडीवरचे हात आपले राहत नाहीत. माझे हात तर आधीच चळवळे. मी सगळ्या घड्या मोडून पुन्हा घालत असे. नखांचा ब्रश, कार्बोलिकची बाटली, उकळलेला दोरा, कात्री, सुती फडकी, एरंडेल, सगळे पिशवीतून काढायचे आणि त्याच क्रमाने पुन्हा भरायचे. असे किती वेळा करणार?

त्या पिशवीत एके दिवशी एक अस्थानी वस्तू निघाली. कोलशेतला जाताना होडीत मी पिशवी उघडली, तर फडक्यांच्या खाली तुमच्या बाबांची शाळेची पाटी, पेन्सिलीसकट. पाटी हरवली तर शाळा चुकेल, असा त्यांचा हिशेब. (शाळा चुकली नाही. त्यांना मामाची पाटी मिळाली.)

कोलशेतला खाडीच्या काठावर एका ख्रिस्ती शेतकऱ्याचे घर होते. त्यांची सून मारी अडली होती. अडली असे त्यांना वाटत होते. मी तपासले तर सगळे ठीक होते, फक्त वेळ होता. मी हात धुतले आणि ओटीच्या दाराशी बसले. खाडीला ओहोटी लागली होती. चिखलावर ऊन लोळत होते, दूर मिठागरांत मिठाचे पांढरे ढीग दिसत होते, आणि इतके शांत होते की खेकड्यांची कुजबुज ऐकू यावी. मला आत जाऊन काही तरी करावेसे वाटू लागले. हात शिवशिवत होते. मी पाटी काढली आणि एक मासा काढू लागले. मला चित्रकला येत नाही. तेव्हाही येत नव्हती, आजही येत नाही.

मारीची सासू कंबरेवर हात ठेवून माझ्यामागे उभी राहिली.

“नुसती बसून काय रायलीस गो बाय? पोर अडलीय, आन तू चित्रा काढतेस?”

“मावशी, वेळ आहे अजून.”

“यो काय हाय?”

“मासा.”

“मासा? मंग याला मिशा कशाला?”

तेवढ्यात आतून, दोन कळांच्या मधून, मारीचा आवाज आला, “शिंगाला असंल तो, आई. शिंगाल्याला मिशा असतान.”

म्हातारी हसली. मारीही हसली, आणि मग तिने हात पुढे केला. पाटी दे, म्हणाली. मला वाटले माझा मासा बघायचा असेल. तिने तो तळहाताने सरळ पुसून टाकला. पुढची कळ आली तशी तिने दात आवळले आणि पाटीवर डावीकडून उजवीकडे एक लाट काढली. कळ चढत होती तेव्हा पेन्सिल वर गेली, उतरली तेव्हा खाली आली. पुन्हा कळ, पुन्हा लाट. पाटीवर हळूहळू सगळी खाडी भरत गेली. बाहेरही पाणी परत येऊ लागले होते, चिखलातल्या होड्या एकेक करून हलू लागल्या. मला त्या दुपारी असे वाटले की दोन्ही खाड्या एकच आहेत, आणि आम्ही तिघी तिच्यावर कुठे तरी अलगद तरंगतो आहोत. पाटीवर जागा उरली नाही तेव्हा मारीने पेन्सिल टाकली आणि मला हाक मारली. आता मात्र हात मांडीवरून काढायची वेळ झाली होती.

मुलगा झाला. म्हातारी मला निरोप देताना म्हणाली, “बाय, पुढच्या येलेला बरा मासा काढायला शिकून ये.”

त्यानंतर पाटी पिशवीतच राहिली. तिची जागा मी ठरवून टाकली, फडक्यांच्या खाली, काठावर उभी. तुमच्या बाबांना नवी पाटी घेऊन दिली.

पाटी बाळंतिणीलाच लागते असेही नाही. ठाण्यातले एक कारकून होते, कचेरीत फार वजनदार, घरी फार भित्रे. बायको आत असताना ते ओटीवर येरझारा घालत, आणि दर थोड्या वेळाने दाराशी येऊन खाकरत. त्या खाकरण्याने आतल्या बाईला धीर येण्याऐवजी कळा थांबत. मी बाहेर जाऊन त्यांच्या हातात पाटी दिली.

“हे काय?”

“पाटी.”

“ते दिसते आहे. मी हिच्यावर काय करू?”

“काहीही काढा, रावसाहेब. मला आत काम आहे.”

त्यांनी आधी पाटीला चारी बाजूंनी समास आखला म्हणे. कारकूनच ते. मग खाकरणे थांबले. खूप वेळाने मी मुलगी झाल्याची बातमी घेऊन बाहेर आले, तर ते पाटीवर ओणवे झाले होते. जीभ दातांत धरलेली, पगडी बाजूला काढून ठेवलेली. मी सांगितले तरी मान वर केली नाही. म्हणाले, “थांबा, थांबा. सोंड राहिली आहे.” मग स्वतःच्याच बोलण्याने दचकले, आणि रडू लागले. हत्ती मात्र चांगला होता. पुसायला मलाच जिवावर आले.

पण हे पुसणे हीच पाटीची खरी सोय आहे. कागदावर काढले की लोक विचारतात, कशासाठी काढले, कोणाला दाखवायचे, बरे जमले का. पाटी काही ठेवून घेत नाही. मनात जे साचले असेल ते तिच्यावर उतरवायचे, घटकाभर त्याच्याकडे बघायचे, आणि ओल्या फडक्याने निरोप द्यायचा.

एकदा मात्र पाटी जवळ नव्हती, आणि चित्र कागदावर उतरले. ती हकिकत सांगण्यासाठीच खरे तर हे सगळे लिहायला घेतले.

कल्याणला खाडीकडच्या बाजूला एका खात्यापित्या घरात गोदाचे बाळंतपण मी केले. गोदा सतरा वर्षांची, डोंबिवलीची. डोंबिवली म्हणजे तेव्हा शेतांच्या मधले लहानसे खेडे. पहिलटकरीण माहेरी जाते, पण गोदाला आई नव्हती, म्हणून सासरीच. नवरा मुंबईला नोकरीला, शनिवारी येणारा. घरात सत्ता सासूची. त्यांना मी काकू म्हणत असे. काकूंच्या नाकात मोठी टपोऱ्या मोत्यांची नथ असे, आणि ती नथ त्यांच्या बोलण्यापेक्षाही आधी हुकूम सोडी.

बाळंतपण सुखरूप झाले. मुलगी चांगली गुटगुटीत. पण गोदाने तिच्याकडे पाहिले नाही. भिंतीकडे तोंड करून ती बाजेवर पडून राहिली. मूल पाजायला अंगाशी लावले तर हात उचलायची नाही, काढून घेतले तर विचारायची नाही. रडत नव्हती, बोलत नव्हती. काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितले की गोदाची आई तिच्या पाठच्या भावाच्या वेळी गेली, आणि तेव्हा गोदा त्या खोलीच्या दाराबाहेर बसलेली होती.

माझ्या इंग्रजी पुस्तकात या अवस्थेला एक नाव होते. काकूंकडे दुसरे नाव होते, ‘बाहेरचे’. दोन्ही नावांनी गोदाला काही फरक पडत नव्हता.

“पाचवी होईपर्यंत बघते,” काकू म्हणाल्या. “तोवर हिने पोरीला आपण होऊन घेतलं तर ठीक. नाही तर डोंगराकडच्या भगताकडे नेणार. गाडीवानाला सांगून ठेवलंय.”

“आणि मूल?”

“शेजारच्या बयाबाईला तान्हं आहे. तिच्या अंगावर देऊ.”

त्या भगताकडून आलेल्या एका बाळंतिणीच्या दंडावरचे चटक्यांचे डाग मी धुतले होते. आणि पाचव्या दिवशी आईपासून तोडून दुसरीच्या अंगावर दिलेल्या तान्ह्यांचे पुढे काय होते, तेही मी पाहिले होते. पण काकूंशी वाद घालून उपयोग नव्हता. त्यांनी आपल्या सुनेसाठी डिंकाचे लाडू स्वतः वळले होते, स्वतः शेगडी पेटवून शेक दिला होता. त्या दुष्ट नव्हत्या, घाबरल्या होत्या. मी फक्त खिडकी चार बोटे उघडायची परवानगी मागितली. त्यांनी दोन बोटे दिली.

रोज सकाळी मी ठाण्याहून कल्याणला जाई. मुलीला न्हाऊ घालणे, गोदाला तपासणे झाले की बसून राही. त्या खोलीत ओव्याची आणि बाळंतशेपेची धुरी भरलेली, त्या दोन बोटांच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत आलेली, तिच्यात धूर सावकाश वळत असायचा. बाहेरचे जग कुठे तरी लांब राही. त्या धुरात मलाही गुंगी येई. मी पाटी काढली आणि एक कावळा काढू लागले. पुष्कळ वेळ काढला. शेवटी कावळ्याला चोच द्यायची विसरले.

गोधडीतून एक हात बाहेर आला. माझ्या हातातली पेन्सिल घेतली, कावळ्याला चोच दिली, आणि पुन्हा गोधडीत गेला.

हात मांडीवर. वाट पाहायची.

दुसऱ्या दिवशी मी नुसती एक वाकडी रेघ काढली आणि पाटी तिच्याजवळ ठेवली. तिने त्या रेघेचा फणस केला. मी पुसले, दुसरी रेघ काढली. तिचा रहाट झाला, रहाटावर घागर आली, घागरीखाली विहीर. पुढच्या रेघेची वेल झाली आणि पाटीच्या बाहेर निघून गेली. गोदा एक शब्द बोलली नाही, पण डोंबिवलीचे तिचे घर मी त्या सकाळी परसापासून ओटीपर्यंत फिरून आले.

काकू दारात आल्या. “हा काय पोरखेळ? आणि ते ओलं फडकं गार असेल, तिला वारा बाधेल.”

“पोरखेळच आहे, काकू.”

“सतराव्या वर्षी?”

“मी पस्तिशीची आहे. मीही खेळते आहे.”

नथ हलली. पण पाटी कोणी काढून घेतली नाही, आणि थोड्या वेळाने फडके भिजवायला कोमट पाणी आले.

पाचवीच्या आदल्या दिवशी मी मुलीचा कान काढायला घेतला. तो करंजीसारखा झाला. गोदाने पाहिले, आणि तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला, “नाही.” ती कुशीवर वळली. कान काढायचा तर कान पाहावा लागतो. तिने मुलीच्या कानाकडे पाहिले. मग पाटीकडे. मग पुन्हा कानाकडे, आतल्या वळणाकडे, पाळीवरच्या मऊ लवेकडे. कान काढला, पुसला, मूठ काढली. मूठ काढताना तिने ती मूठ बोटाने हळूच उघडून पाहिली. मुलीला घेतले मात्र नाही. चित्र झाले तशी ती पुन्हा भिंतीकडे वळली.

मी निघताना काकूंनी मला ओटीवर थांबवले. “उद्या संध्याकाळी पाचवीची पूजा. राग मानू नका, बाई, पण सवाष्णींचं काम आहे. उद्याचा दिवस तुम्ही येऊ नका. आणि ती पाटीही घेऊन जा, सोवळ्यात नको.”

राग मानला नाही. त्या काळी विधवेला असे सांगणे हे तिला जेवायला बसा म्हणण्याइतके साधे होते. जिच्या हातांनी मूल बाहेर येते, तिची सावली त्या मुलाच्या पूजेवर चालत नाही. मी पाटी पिशवीत ठेवली. पण परवा दारात गाडी जुंपलेली दिसेल, हे माझ्या मनातून जाईना. दुसरा दिवस मी घरी पाटीवर नुसत्या बैलगाड्या काढत घालवला.

तुम्ही रंगूनला जन्मलात, म्हणून पाचवी सांगते. मूल झाल्यावर पाचव्या दिवशी सटवाई येते आणि त्याच्या कपाळी नशीब लिहून जाते, असे आपल्याकडे मानतात. म्हणून पाटावर तिची पूजा मांडून कोरा कागद, दौत आणि लेखणी ठेवायची. रात्रभर घरातल्या वडील बाईने मूल मांडीवर घेऊन जागायचे, झोपायचे नाही. सकाळी कागद कोराच असतो, कारण सटवाईचे लिहिणे माणसाला दिसत नाही. सगळ्यांना हे ठाऊक असते. तरी सकाळी प्रत्येक जण कागदाकडे एकदा बघून घेतोच.

मी कल्याणला पोचले तेव्हा दारात खरोखरच गाडी उभी होती. बैल जुंपलेले, गाडीत गवत आणि वर चटई. आत गेले तर काकू पाटासमोर बसलेल्या, चेहरा उतरलेला. मूल त्यांच्या मांडीवर. त्यांनी मला दार लावायला सांगितले आणि कागद पुढे केला.

“वाचा.”

“मी?”

“तुम्ही इंग्रजी शिकलात. बघा तुम्हाला काही कळतं का. आमच्या घरात इतक्या पिढ्यांत या कागदावर टिपका पडला नव्हता.”

कागदावर शाईचे चित्र होते. एक बाई पाटाजवळ बसली होती. मान एका बाजूला कलंडलेली, डोळे मिटलेले, तोंड चांगले मोठे उघडे. नाकात ओठांपर्यंत येणारी नथ, तिचा एकेक मोती स्पष्ट. मांडीवर मूल. आणि त्या मुलाचे डोळे मात्र टक्क उघडे, सरळ चित्राबाहेर बघणारे. कान अगदी बरोबर होता.

मला सगळे कळले. काय बोलावे तेवढे कळेना. गोदाने काढले म्हणावे तर देवीचा कागद बाटवला म्हणून गाडी आत्ताच निघेल. सटवाईने काढले म्हणावे, तर ते माझ्या तोंडून कसे निघणार? मी हात मांडीवर ठेवले.

“ही कोण बाई?” काकूंनी विचारले.

मी कागद त्यांच्याकडे परत दिला.

काकूंनी कागद उजेडाकडे धरला. “सटवाईला माझी नथ कशी ठाऊक?” त्या हळू म्हणाल्या. मग आणखी हळू, “मी झोपले नव्हते. डोळे मिटून जप करत होते.”

बाजेवरून आवाज आला. आधी मला तो खोकला वाटला. गोदा हसत होती. तोंडावर हात धरून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि तोंडावर धरलेल्या त्या हाताची बोटे शाईने काळी झालेली होती.

काकूंनी बोटे पाहिली. कागद पाहिला. बाहेर बैलाने मान हलवली, घुंगरे वाजली.

“ती जागी होती, आत्याबाई,” गोदा म्हणाली. इतक्या दिवसांत न वापरलेला आवाज, घोगरा. “तुमच्या मांडीवरून माझ्याकडे बघत होती. सारखी. पाटी नव्हती, मग मी... सगळे निजले होते, आम्ही दोघी जाग्या होतो.”

आणि तिने हात पुढे केले. “द्या तिला.”

काकूंनी लगेच दिले नाही. त्या सुनेच्या तोंडाकडे बघत राहिल्या, जसे गोदा त्या कानाकडे बघत होती. मग मूल उचलून तिच्या हातांत ठेवले. गोदाने तिला छातीशी घेतले, तेव्हा शाईचा अंगठा मुलीच्या गालावर उमटला. मी फडके घेऊन पुढे झाले.

“राहू द्या,” काकू म्हणाल्या. “तीट लागली.”

दाराबाहेरून शेजारच्या बयाबाईंचा आवाज आला, “काकू, काय लिहिलंय हो सटवाईनं?”

“सटवाई शेजाऱ्यांना वाचायला लिहीत नाही!” काकू आतूनच गरजल्या. आणि मला म्हणाल्या, “गाडीवानाला सांगा, बैल सोड.”

मी सांगून आले, तर काकू कागद उलटसुलट करत बसल्या होत्या. त्यांच्यापुढे आता खरा पेच होता. “चित्र आधीच काढलेलं. मग सटवाईनं लिहिलं कुठं? आली असेल आणि जागा नाही बघून तशीच परत गेली असेल.” गोदाचे हसू मावळले. ती मुलीला आणखी जवळ घेऊन बसली. काकूंनी कागद पालथा केला. मागची बाजू स्वच्छ होती.

“पाठकोरा आहे,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला. “आज पुन्हा मांडू. लिहील मागल्या बाजूला. ती काही इतकी हट्टी नाही.”

“पण तुमच्यात तर पाचवी असते ना, काकू? सहावी दुसऱ्या घरांत.”

“आमच्यात आजपासून सहावीही असते. आणि तुम्ही थांबा संध्याकाळी.”

“पूजेला?”

“पूजेला नव्हे. मला जागं ठेवायला.”

मी थांबले. आयुष्यात कोणाच्या सटवाईपुढे बसण्याची ती माझी एकच वेळ. दुसऱ्या सकाळी मागची बाजू कोरी होती, जशी असायला हवी तशी. पुढच्या बाजूवर काकू तोंड उघडे टाकून झोपल्या होत्या.

अशी पुष्कळ घरे मला आठवतात, जिथे मला ओटीच्या आत घेतले नाही, आणि आत कोणी तरी भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. तिथे पाटी पोचली नाही. तो विचार आला की अजूनही माझे हात घड्या घालू लागतात.

काही वर्षांनी त्याच आळीत दुसऱ्या एका बाळंतपणाला गेले होते. काकूंच्या घरावरून जाताना ओटीवर पाहिले. काकू पाय पसरून बसलेल्या, नात त्यांना टेकून उभी, दोघी मान खाली घालून कशात तरी गढलेल्या. मला पाहताच काकूंनी मांडीवरचे काही तरी पदराखाली घातले.

“काय चाललंय, काकू?”

“काय असायचंय? दुधाचा हिशेब मांडते आहे.”

“आजी, याचा पाचवा पाय राहिला,” नात म्हणाली.

दत्तू, यमूच्या मांजराला हसू नकोस. डब्यात चकल्यांच्या खाली दोन पाट्या आहेत, फडक्यात गुंडाळून, काठावर उभ्या ठेवल्या आहेत. वजाबाकी मास्तरांच्या पाटीवर करा. या पाट्या राग आला, भीती वाटली, किंवा उगाच काही सुचेनासे झाले, की तेव्हाच्या. कोणाला दाखवायचे नाही, मलाही नाही.

मी आता कोणाकडे जात नाही. पिशवी खुंटीला आहे. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी ओटीवर बसते, आणि तुमचे बाबा पुढच्या खेपेला तुम्हाला नक्की घेऊन येतो म्हणाले होते ती आगबोट पाटीवर काढते. धुराडे नेहमी वाकडे होते. मग पुसते, हात मांडीवर ठेवते, आणि बसून राहते. वाट पाहणे माझ्याइतके चांगले कोणाला येत नाही.

तुमची आजी